समन्स न घेणारी व्यक्ती

माझे मामा एकोणतीस वर्षं दिवाणी कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचा कागद ज्याच्या नावाचा त्याच्या हातात द्यायचा, सही घ्यायची, परत येऊन अहवाल लिहायचा, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. पण कोर्टाचा कागद कुणाला हवा असतो? लोक मागच्या दाराने पळायचे, बायकोला पुढे करायचे, अंगावर पांघरूण ओढून तापाचं सोंग आणायचे. एक धिप्पाड ठेकेदार तर मामांना येताना बघून अंगणातल्या रिकाम्या पिंपात जाऊन बसला होता. मामांनी झाकणावर टिचकी मारली आणि म्हणाले, "सावकाश या बाहेर. मी थांबतो." पाऊण तास थांबले. ठेकेदार घामाने निथळत बाहेर आला आणि त्याने मुकाट सही केली.

"नाव आहे आणि दार आहे, म्हणजे समन्स लागू होतं," असं ते म्हणायचे. "मग तो मंत्री असो नाहीतर भंगारवाला." या एका गोष्टीवर त्यांचा जितका विश्वास होता तितका दुसऱ्या कशावर नसावा.

मामांना वासाचं फार होतं. जिन्यात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांना कळायचं की आत दूध लागलंय. मामी म्हणायची, "लग्न माझ्याशी झालंय, पण संसार त्यांचं नाक करतं." खिशात कायम दोन रुमाल असायचे, एक घामासाठी आणि एक नाकासाठी. दोन्ही आमच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीवाल्या ताईंकडे धुतले जायचे, कारण ताईंइतकी स्वच्छ, कोरी घडी दुसऱ्या कुणाला जमत नाही असं मामांचं ठाम मत होतं.

मी त्यांची भाची. आईवडील गेल्यापासून त्यांच्याच घरी वाढले, आणि पुढे कोर्टासमोर टायपिंगचं छोटं दुकान चालवू लागले. त्यामुळे जे सांगतेय त्यातलं बरंचसं मी स्वतः टाइप केलेलं आहे.

आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला एक टेकडी होती आणि टेकडीवर संघटनेची इमारत. आमच्या शहरातून जी नदी जाते ती एकूण बारा देशांतून वाहते. त्या बारा देशांनी मिळून ही संघटना काढली होती, नदीतल्या माशांना कुठले रोग होतात त्याचा अभ्यास करायला. पांढरीशुभ्र इमारत, काचा अशा की ढग दिसावेत, समोर बारा झेंडे. बर्फाच्या पेट्यांतून मेलेले मासे यायचे, आत ते फाडले जायचे, औषधात बुडवले जायचे, काचेखाली बघितले जायचे. एकोणीस वर्षं आमचं आणि त्यांचं काही वाकडं नव्हतं. मग त्यांनी प्रयोगशाळा दुप्पट केली. जुनी टाकी पुरेना. एके दिवशी मागच्या भिंतीला भोक पडलं, त्यातून दंडाएवढ्या जाडीचा काळा पाइप बाहेर आला, आणि तो आमच्या गल्लीच्या उघड्या गटारात सोडला गेला.

त्या पाइपातून काय काय यायचं ते सांगते. सकाळी करडं-गुलाबी पाणी. दुपारपर्यंत त्यात गोळे. आतड्यांचे तुकडे, कल्ले, पित्ताच्या हिरव्या पिशव्या. माशांचे डोळे गटाराच्या वळणावर अडकून राहायचे आणि आकाशाकडे बघत बसायचे. खवले काठाला असे चिकटायचे, जशी कुणी नखं कापून टाकलीत. आणि वास! नुसत्या सडक्या माशांचा असता तर माणूस त्यालाही सरावला असता. पण वरून औषधाचा उग्र, गोडसर दर्प. तो नाकात नाही, जिभेवर बसायचा. पाण्याचा घोट घेतला की आधी तोच पोटात जायचा. गल्लीतली मांजरं पहिल्या दिवशी शेपट्या उभारून धावत आली, हुंगलं, शिंकली, आणि परत फिरकली नाहीत.

सगळ्यात जास्त मरण झालं ताईंचं. पन्नाशीची बाई, मनगटं सुतारासारखी, दोन इस्पितळांच्या आणि एका हॉटेलच्या चादरी त्या धुवायच्या. त्यांच्या भिजवायच्या हौदाचा कठडा गटाराला लागूनच. गटार तुंबलं की पाणी हौदात. त्यांच्या बोटांच्या पेरांची साल निघू लागली, उकडलेल्या बटाट्यासारखी. हॉटेलातल्या कुणा पाहुण्याने उशीला वास येतो म्हणून रात्री खोली सोडली, हॉटेलने काम बंद केलं. मग इस्पितळातून एक गाठोडं परत आलं. ताईंनी ते माझ्यासमोरच उघडलं. तान्ह्या बाळाचं दुपटं होतं, आणि त्याच्या घडीत एक खवला चिकटलेला होता. ताई त्या खवल्याकडे बघत राहिल्या, मग बाजूला जाऊन ओकल्या. त्या इस्पितळाचंही काम गेलं.

नगरपालिकेत गेल्या तर तिथला बाबू म्हणाला, "आमची हद्द त्यांच्या भिंतीपर्यंत."

"अहो, पण घाण भिंतीच्या अलीकडे येतेय!"

"घाण अलीकडे येते, बाई. पाइपाचं तोंड अलीकडे आहे. पण पाइप पलीकडचा आहे."

शेवटी ताई वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाई तिशीतल्या, माझ्या दुकानातच त्यांचे निम्मे कागद टाइप व्हायचे. मागणी एकच लिहिली, पाइप बंद करा. नुकसानभरपाई वगैरे काही नाही. "एक रुपया मागितला तरी म्हणतील पैशासाठी रडतेय," ताई म्हणाल्या. दाव्याच्या फॉर्मवर प्रतिवादीचं वय आणि धंदा विचारलेलं असतं. मी विचारलं, "काय टाइप करू?" वकीलबाई हसल्या. "वय एकोणीस, धंदा मासे फाडणे. नको, लिही, 'कायदेशीर व्यक्ती'."

"म्हणजे माणूस?" ताईंनी विचारलं.

"कायद्याच्या लेखी माणूसच. तिला जमीन घेता येते, करार करता येतात, नोकर ठेवता येतात. त्या बारा देशांहून ती वेगळी आहे."

समन्स निघालं आणि मामांच्या पिशवीत आलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून टेकडी चढले. मीही गेले, कारण बजावणीला साक्षीदार लागला तर असावा म्हणून.

गेटवरच्या शिपायाने कागदावरचा शिक्का बघितला आणि हात पाठीमागे नेले, जणू कागद तापलेला तवा होता. आत फोन केला. दहा मिनिटांनी प्रशासन अधिकारी आला. गोरागोमटा, गुळगुळीत, बोलणं लोण्यासारखं. त्याच्या हातात छोटी बाटली होती. बोलता बोलता तो तळव्यावर थेंब घेऊन हात चोळत होता. गेटच्या आतल्या बाजूला रेघ होती, तिच्या अलीकडे काही तो आला नाही.

"आम्ही नकार देत नाही आहोत हं," तो म्हणाला. "फक्त आम्ही हे स्वीकारण्याच्या स्थितीत नाही."

"म्हणजे घेत नाही," मामा म्हणाले.

"नाही नाही, तसं लिहू नका. घेत नाही म्हणजे आम्हाला मिळालं असं होईल. आम्हाला मिळालेलंच नाही."

"मी तुमच्यासमोर धरलंय."

"मला काहीतरी दिसतंय खरं," तो म्हणाला, आणि हसला.

मामांनी पिशवीतून गोंदाची डबी काढली. घेतलं नाही तर दाराला चिकटवायचं, असा कायदा आहे. ते गेटकडे वळले तसा अधिकाऱ्याचा आवाज बदलला. "गेटला हात लावू नका. ही जागा अलंघ्य आहे. तुमच्या सरकारने करारात लिहून दिलंय. पोलीससुद्धा आमच्या परवानगीशिवाय आत येत नाही, तुम्ही तर बेलिफ."

मामांनी डबी बंद केली. मग ते मला घेऊन भिंतीच्या कडेकडेने मागे गेले, पाइपापाशी. नाकाला रुमाल लावला, पण दोन मिनिटांनी तो काढून खिशात घातला. पूर्ण पाच मिनिटं ते उघड्या नाकाने तिथे उभे राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. नंतर भिंतीला टेकून त्यांनी अहवाल लिहिला. तारीख, वेळ, गेटवर झालेलं सगळं बोलणं, आणि खाली: "इमारतीच्या मागील भिंतीतून पाइप. पाण्याचा रंग करडा-गुलाबी. त्यात माशांची आतडी. वास सडक्या माशांचा व औषधाचा, उमासा आणणारा. सदर वास मी स्वतः घेतला."

"हे कशाला लिहिलंत?" मी विचारलं.

"पत्ता बरोबर आहे हे दाखवायला नको?" ते म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पंधरा दिवसांत दोन कागद आले. पहिला मामांच्या नावाने, त्यांच्याच वरिष्ठांकडून: एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असं वर्तन केल्याबद्दल खुलासा द्यावा. दुसरा परराष्ट्र खात्याकडून कोर्टाला: सदर संघटना प्रत्येक प्रकारच्या न्यायालयीन कारवाईपासून मुक्त आहे. न्यायाधीशांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, तिसऱ्यांदा वाचला आणि ताईंचा दावा काढून टाकला. सगळं मिळून बारा मिनिटं.

ताई माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. "वकीलबाई, मला अडाणीला समजेल असं सांगा. ती माणूस आहे ना?"

"आहे."

"मग माझ्यासारखं तिला कोर्टात का बोलावता येत नाही?"

"कारण करारात एका कलमात लिहिलंय की तिला व्यक्तित्व आहे, आणि पुढच्याच कलमात लिहिलंय की तिच्यावर दावा चालणार नाही. कारणही वाईट नाही हो. उद्या एखाद्या देशाने आपल्या कोर्टाचा धाक दाखवून संघटनेला वाकवू नये, म्हणून ते संरक्षण."

"मी कुणाला वाकवतेय? मी वाकून चादरी धुतेय."

"ते खरंय."

"बरं, मग त्या बारा देशांवर करा दावा. बाप आहेत ना तिचे?"

"ते म्हणतात, ती वेगळी व्यक्ती आहे, तिच्या कामाला आम्ही जबाबदार नाही."

ताई हसल्या, ते हसणं बघवत नव्हतं. "म्हणजे घ्यायचं असेल तेव्हा माणूस, द्यायचं असेल तेव्हा वारा. बारा बापांची लेक, आणि घाण केली की एकाचीही नाही!"

करारात आणखी एक कलम होतं. आपल्याविरुद्धच्या तक्रारी सोडवण्यासाठी संघटना योग्य ती व्यवस्था करील, असं. वकीलबाईंनी त्यावर बोट ठेवून पत्र लिहिलं. एकोणीस वर्षांत अशी व्यवस्था झालीच नव्हती. पत्र गेल्यावर घाईघाईने तीन जणांची समिती नेमली गेली. तिघेही संघटनेचे पगारी. त्यातला एक हात चोळणारा तोच अधिकारी. समितीचं उत्तर एका ओळीत आलं: "आपली तक्रार विचारात घेण्यायोग्य नाही." खोटी आहे असंही म्हटलं नव्हतं. मामांनी ती ओळ वाचली आणि कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून परत दिला, मेलेली पाल उचलावी तसा.

त्यानंतर ताईंनी जे केलं ते कुणालाही न विचारता केलं. एका सोमवारी सकाळी दोन बादल्या घेऊन त्या गटारात उतरल्या. ढोपरापर्यंत. हातांनी आतडी, खवले, डोळे सगळं बादल्यांत भरलं, बादल्या घेऊन टेकडी चढल्या, आणि नऊच्या ठोक्याला, मोटारी आत शिरत होत्या तेव्हा, बारा झेंड्यांच्या खाली संघटनेच्या पाटीवर त्या रिकाम्या केल्या. "तुमचंच आहे," त्या म्हणाल्या. "मोजून घ्या." मंगळवारीही गेल्या. बुधवारीही.

गुरुवारी संघटनेने दावा ठोकला.

हो, त्याच कोर्टात. शहरातला सगळ्यात महागडा वकील देऊन. दाव्याची प्रत माझ्या दुकानात आली तेव्हा मी पहिली ओळ मोठ्याने वाचली: "वादी ही कायदेशीर व्यक्तित्व असलेली आंतरराष्ट्रीय संघटना असून तिला आपल्या नावाने दावा दाखल करण्याचा अधिकार आहे." आणि खाली सातव्या परिच्छेदात: "प्रतिवादीच्या कृत्यामुळे पसरलेल्या असह्य दुर्गंधीने वादीच्या कर्मचाऱ्यांना मळमळ, डोकेदुखी व मानसिक क्लेश झाले असून परिसरात यापूर्वी कधीही अशी दुर्गंधी नव्हती."

यापूर्वी कधीही नव्हती!

ते समन्सही मामांकडेच आलं. बेलिफ दुसरा होता, पण तो रजेवर होता. मामी म्हणाली, "आजारी पडा. एक दिवस आजारी पडायला काय होतंय?" मामांनी पिशवी उचलली. दुपारी ते ताईंच्या दारात जाऊन उभे राहिले, पिशवी पोटाशी धरून. मी पलीकडच्या ओट्यावर होते.

"या भाऊ," ताई म्हणाल्या. "रुमाल न्यायला आलात?"

"नाही, ताई."

ताईंनी त्यांच्या हाताकडे बघितलं. "अच्छा. माझ्या दाराला हात लावता येतो, नाही का?"

मामांचा चेहरा असा झाला की मी मान फिरवली. "सही करा," ते कसंबसं म्हणाले. "आणि ताई, सातवा परिच्छेद नीट वाचा. आजच वकीलबाईंकडे जा."

ताईंनी सालं निघालेल्या बोटांनी सही केली. मामा घरी आले, मोरीत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. मामीने दारातून विचारलं, "कशाची घाण लागलीय एवढी?" ते म्हणाले, "कागदाची."

वकीलबाईंनी दावा वाचला आणि टेबलावर थाप मारली. "स्वतःच्या पायाने कोर्टात आलेत! आता त्याच भांडणातलं आपलं म्हणणं कोर्टाला ऐकावं लागेल. दावा लावायचा तेव्हा कोर्ट चालतं आणि उत्तर द्यायचं तेव्हा चालत नाही, असं नाही म्हणता येणार." त्यांनी प्रतिदावा लिहिला. मागणी तीच, पाइप बंद करा. "फक्त एक पुरावा हवा, की वास बादल्यांच्या आधीपासून होता. गल्लीतल्यांची साक्ष ते उडवून लावतील, म्हणतील सगळे एकाच माळेचे मणी."

मी म्हटलं, "मामांचा अहवाल आहे."

चार महिन्यांपूर्वीचा, तारीख-वेळेसह, कोर्टाच्याच फाइलीत, कोर्टाच्याच माणसाचा.

मामा साक्षीला उभे राहिले तेव्हा कोर्ट गच्च भरलं होतं. एकोणतीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांना त्या पिंजऱ्यात आणलं होतं, स्वतः पहिल्यांदाच उभे होते. महागडा वकील गोड हसत पुढे आला.

"आपण वासाचे तज्ज्ञ आहात?"

"नाही."

"मग वास माशांचा आणि औषधाचा आहे हे कशावरून?"

"नाकावरून."

लोक हसले. वकील हसला नाही. "आपलं नाक जरा जास्तच नाजूक आहे, असं ऐकलंय. घरच्या जेवणालाही नावं ठेवता म्हणे."

"ठेवतो. म्हणून तर पाच मिनिटं रुमाल काढून उभा राहिलो, साहेब. मला चुकायचं नव्हतं."

"आपल्याला तिथे उभं राहून वास घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. समन्स घ्यायला ती व्यक्ती बाहेर येईना. म्हटलं, तिचं जे बाहेर येतंय ते तरी लिहून घ्यावं."

न्यायाधीशांनी मान खाली घातली. ते हसू दाबत होते की आणखी काही, कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी संघटनेने आपला दावा मागे घेतला. दावाच नाही तर प्रतिदावा कसला, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशांनी ऐकलं नाही. "दार तुम्ही उघडलंत," ते म्हणाले. "आत आलेल्याचं बोलणं ऐकूनच घ्यावं लागेल." तीन महिन्यांनी निकाल लागला: पाइप संघटनेचा आहे, घाण संघटनेची आहे, तो बंद करावा. ताईंनी कोर्टाच्या पायरीवर मामांचे दोन्ही हात धरले. गल्लीत त्या संध्याकाळी लोक एकमेकांच्या दारात उभे राहून बोलत होते, नाक दाबूनच, पण बोलत होते.

हुकूमनामा घेऊन मामा पुन्हा टेकडी चढले. या वेळी मला वाटलं, आता तरी. तोच अधिकारी, तीच बाटली, तीच रेघ.

"अभिनंदन," तो म्हणाला. "पण गैरसमज नको. आम्ही कोर्टात आलो म्हणजे कोर्टाने ऐकावं एवढं मान्य केलं, असं फार तर म्हणता येईल. अंमलबजावणी वेगळी. आमच्या मालमत्तेला, म्हणजे त्या पाइपालाही, कुणालाही हात लावता येणार नाही. त्यासाठी आम्ही वेगळी संमती द्यायला हवी, आणि ती आम्ही दिलेली नाही. आपल्या वकीलबाईंना विचारा, त्यांना माहीत असेल."

वकीलबाईंना माहीत होतं. त्यांनी निकालाच्या दिवशी आम्हाला सांगितलं नव्हतं इतकंच. "एक दिवस तरी आनंदात जाऊ दे म्हटलं," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही.

पण त्या निकालाची बातमी बारापैकी दोन देशांच्या वर्तमानपत्रांत आली, आणि संघटनेला ते झोंबलं. दीड महिन्याने एक पत्र आलं: "कोणतीही कायदेशीर जबाबदारी मान्य न करता, शेजाऱ्यांविषयीच्या सद्भावनेपोटी, संघटना सांडपाण्याची दिशा स्वेच्छेने बदलत आहे." आणि खरोखरच एका सकाळी पाइप गल्लीतून हटला. आम्ही गटार फिनेलने धुतलं, चुना टाकला. ताईंच्या हौदात पुन्हा स्वच्छ पाणी आलं. सुटलेलं इस्पितळ परत आलं, हॉटेल आलं नाही.

"दिशा," मामा मात्र पत्र हातात घेऊन म्हणाले. "दिशा बदलली म्हणतात. बंद केला म्हणत नाहीत."

ते भिंतीच्या कडेने चालत गेले. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, नदीकाठी, भाजी पिकवणाऱ्या पाच-सहा कुटुंबांचे मळे होते. पाइप आता तिथे उघडत होता. वांग्यांच्या वाफ्यात माशांचे डोळे पडलेले होते. एक म्हातारी ते काठीने बाजूला सारत होती. ती मामांना म्हणाली, "तुम्ही नगरपालिकेचे का?" मामा म्हणाले, "नाही, मी कुणाचाच नाही." घरी येऊन त्यांनी ताट सरकवलं. वांगं तर ते त्यानंतर आजतागायत खात नाहीत. महिन्याभरात त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, निवृत्तीला तीन वर्षं असताना. साहेबांनी कारण विचारलं तर लिहून दिलं, "प्रकृती." तोंडी एवढंच म्हणाले, की ज्याचा कागद सगळ्यांच्या दारावर लागत नाही, त्याची नोकरी मला शिसारी आणते.

वर्षाच्या शेवटी संघटनेचं वार्षिक पुस्तक निघालं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. वकीलबाईंनी ते आणून माझ्या टेबलावर टाकलं. मधल्या पानावर ताई होत्या. दोरीवरच्या पांढऱ्या चादरींमध्ये उभ्या, कुणीतरी लांबून काढलेला फोटो. खाली ओळ: "स्थानिक समाजासोबत: संघटनेने स्वेच्छेने केलेल्या निचरा-सुधारणेमुळे एका उद्योजिकेच्या जीवनात आलेला बदल."

"मला विचारलं नाही कुणी," ताई म्हणाल्या. त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. फोटोत त्यांचे हात चादरीमागे होते. "यावर करता येतो का हो दावा?"

ताईंना उत्तर नकोच होतं. त्यांनी पुस्तक मिटलं, त्याच्या कोऱ्या कडांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कागद काय चांगला वापरलाय मेल्यांनी."

मामा आता चौसष्ट वर्षांचे आहेत. आठवड्यातून दोनदा ते नदीकाठच्या मळ्यांवर जातात, वहीत तारीख-वेळ लिहितात, रंग लिहितात, वास लिहितात. मळेवाल्यांपैकी एकाने बादल्या भरून टेकडीवर नेल्या होत्या. पाटीवर ओतल्या. संघटनेने त्याच्यावर दावा केला नाही. शिपायाने पाण्याच्या नळीने पाटी धुतली, आणि अधिकारी काचेआडून बघत राहिला. पुन्हा नेल्या, पुन्हा धुतली. प्रतिदाव्याचा धडा घेतलेली ती व्यक्ती आता स्वतःहून कोर्टात यायची नाही. मामांना हे मळेवाल्यांना समजावून सांगताना मी एकदा ऐकलं. कलमं त्यांना तोंडपाठ आहेत. सांगताना ते रुमाल नाकाशी धरतात, आणि मला वाटतं ते मळ्याच्या वासामुळे नसावं.